बीए इकॉनॉमिक्स : "ते काय असतंय?"

ताईचा जळकोटहून शनिवारी सकाळी फोन आला की दोनच शक्यता असतात. एक तर गावात कुणीतरी गेलेलं असतं, नाहीतर घरातल्या कुणाला तरी मी "समजावून सांगायचं" असतं. जून २०२५ मधला तो फोन दुसऱ्या प्रकारातला होता.

"तुझी भाची येड्यासारखं करायलीय. तूच बोल तिच्याशी."

(जळकोट म्हणजे सोलापूर-हैदराबाद हायवेवर नळदुर्गच्या पुढे लागतं ते, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव. लातूर जिल्ह्यात जळकोट नावाचा अख्खा तालुका आहे, तो आमचा नव्हे. हे मी गेली वीस वर्षं लोकांना सांगतोय, पत्रं तरी तिकडे जायची ती जातातच. असो.)

तर भाची. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून रीतसर लातूरला धाडलेली. आमच्याकडे दहावीला नव्वदच्या वर गेलं की लेकरू लातूरला जातं, त्यात विचारण्यासारखं काही नसतं. दोन वर्षं कॉट-बेसिसवर खोली, डबा, क्लास. दाजींनी त्यासाठी काय काय गहाण टाकलं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. बारावीला मार्क उत्तम. नीटमध्ये मात्र सरकारी कॉलेजच्या आसपासही नाही. मग नेहमीचा पुढचा अंक म्हणजे रिपीट. पण पोरगी म्हणाली, रिपीट करणार नाही, बीएएमएस नको, नर्सिंग नको, इंजिनिअरिंगही नको. मला इकॉनॉमिक्स करायचंय.

दाजींनी विचारलं, "ते काय असतंय? कॉमर्स का?"

नाही म्हणाली. आर्ट्स.

आमच्याकडे 'आर्ट्स' हा शब्द कसा उच्चारतात ते ज्यांनी ऐकलंय त्यांनाच कळेल. "आर्ट्सला गेला" हे वाक्य "वाया गेला" याच चालीवर म्हणतात.

मी समजावलं. मन लावून समजावलं, हे आधीच कबूल करतो, कारण पुढे मी ज्यांना शिव्या घालणार आहे त्यात मी पहिला आहे. सायन्स घेऊन आर्ट्सला जाणं म्हणजे जिना उतरणं, डिग्रीला मार्केट नाही, कॉम्प्युटर कर, डेटा सायन्स कर, हवं तर नंतर एमबीए कर आणि इकॉनॉमिक्स तेव्हा वाच. मी नाही का इंजिनिअरिंगला तो एक मॅनेजमेंट-इकॉनॉमिक्सचा पेपर एका रात्रीत वाचून काढला? काय असतं त्यात?

पोरीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, गेल्या दिवाळीत सोयाबीनचा हमीभाव चार हजार आठशे ब्याण्णव होता. आपण चार हजार शंभरनं घातलं. हे असं का होतं, ते कुठल्या ब्रँचमध्ये शिकवतात?"

मला उत्तर आलं नाही. म्हणजे "व्यापारी लुटतात" हे आलं, "सरकार झोपलंय" हे आलं. ते तर पारावरच्या कुणालाही येतं. पंधरा-वीस वर्षं मोठमोठ्या सिस्टिम्स डीबग केलेल्या माणसाला स्वतःच्या घरातल्या पोत्याचा भाव डीबग करता आला नाही. बग रिपोर्ट समोर आणि मी म्हणतोय युजरच वाईट आहे!

म्हणून मग दोन-तीन वीकांत घालवून वाचलं. जे कळलं ते थोडक्यात मांडतो, कारण माझा सगळा वाद त्यावर उभा आहे.

हमीभाव म्हणजे सरकारने दिलेली हमी, पण ती जिथे सरकारी खरेदी होते तिथेच खरी. खरेदी केंद्रं मोजकी, त्यांना ओलाव्याची अट बारा टक्के, आणि ऑक्टोबरात काढलेल्या सोयाबीनला बारा टक्के ओलावा म्हणजे विनोद आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात ती अट पंधरा टक्क्यांपर्यंत सैल केली, तोवर निम्म्या लोकांनी माल घालून टाकलेला होता. का घातला? उधारी. कृषी सेवा केंद्रवाल्याची उधारी, हार्वेस्टरचे पैसे, पोरीच्या डब्याचे पैसे. ज्याला थांबता येतं त्याला भाव मिळतो, आणि ज्याला थांबता येत नाही तोच सुगीत विकतो, सगळे एकदम विकतात म्हणून भाव अजून पडतो.

पण गंमत पुढे आहे. सोयाबीनच्या शंभर किलोमधून तेल निघतं साधारण अठरा किलो, उरलेली बहुतेक पेंड. म्हणजे सोयाबीनचा भाव तेलापेक्षा पेंडीवर जास्त नाचतो. आणि त्या सुमारास इथेनॉलच्या कारखान्यांतून धान्याचा जो चोथा निघतो, त्याला डीडीजीएस म्हणतात, तो कोंबडीखाद्यवाल्यांना पेंडीपेक्षा स्वस्तात मिळायला लागला होता. पेंडीची मागणी घसरली. वर ब्राझीलचं पीक तुडुंब. सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून वीस टक्के केलं, तरी सोयाबीन उठलं नाही. मे २०२५ अखेरीस तेच शुल्क परत दहावर आणलं, कारण शहरात तेल महागलं म्हणून ओरड झाली होती. ओरडणारे म्हणजे आपणच. मी पण.

म्हणजे जळकोटच्या चार एकरांतल्या पोत्याचा भाव ठरवायला ब्राझील, कोंबड्या, पेट्रोलमधलं इथेनॉल आणि पुण्यातल्या माझ्या स्वयंपाकघरातला तेलाचा डबा इतके सगळे एका टेबलावर बसलेले असतात. ते टेबल दाखवणाऱ्या विषयाचं नाव अर्थशास्त्र. आणि ज्या जिल्ह्याला हा विषय सगळ्यात जास्त लागू पडतो (निती आयोगाने २०१८ साली देशभरातून 'आकांक्षित' जिल्हे निवडले, महाराष्ट्रातले चारच, त्यात आमचा एक), तिथे हा विषय कुणी घ्यायचा? तर ज्याला दुसरं काही मिळालं नाही त्याने.

आता मूळ भांडणाला येतो.

माझा एक शाळासोबती आमच्याच भागातल्या एका कॉलेजातून इकॉनॉमिक्स घेऊन बीए झाला. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण गोष्ट एका कॉलेजची नाहीच. त्याला तीन वर्षांत काय शिकवलं, तर व्याख्या. ॲडम स्मिथची संपत्तीविषयक, मार्शलची कल्याणविषयक, रॉबिन्सची दुर्मिळताविषयक. 'तिन्हींतील फरक स्पष्ट करा, गुण पंधरा.' मग मागणीचा नियम, त्याचे अपवाद, मग घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त, त्याच्या मर्यादा, मर्यादांवरील टीका. सगळं मुद्देनिहाय, सगळं गाईडमधून. तीन वर्षांत एकदाही त्याने आकडे घेऊन काही केलं नाही. मागणीचा वक्र काढला असेल शंभरदा, पण एकदाही खऱ्या कुठल्या वस्तूचा नाही. 'अ' वस्तू आणि 'ब' वस्तू. बाजार समिती हाकेच्या अंतरावर, तिथे रोजची आवक आणि रोजचा भाव फळ्यावर लिहिलेला, आणि वर्गात 'अ' वस्तू!

पुस्तकात निकृष्ट वस्तूचं उदाहरण कुठलं असतं माहितीय? हमखास ज्वारी-बाजरी. माणसाचं उत्पन्न वाढलं की तो ज्वारी सोडून गव्हाकडे जातो, म्हणून ज्वारी निकृष्ट. हे पाठ करणारा पोरगा मालदांडी पिकवणाऱ्या पट्ट्यात राहतो. रेशनचा गहू कवडीमोल आणि चांगली शाळू ज्वारी गव्हापेक्षा महाग, हे त्याची आई त्याला रोज सांगते. तो पुण्याला येतो तेव्हा बघतो की हॉटेलात भाकरी चपातीपेक्षा महाग आहे आणि ती खाणारे कारमधून उतरतायत. म्हणजे निकृष्ट असणं हा वस्तूचा गुणधर्मच नाही, तो त्या काळच्या, त्या लोकांच्या उत्पन्नाशी असलेला संबंध आहे. हीच तर त्या प्रकरणातली खरी शिकवण! पण पेपरात "ज्वारी आता श्रेष्ठ वस्तू झाली आहे" असं लिहिलं तर मार्क जातील या भीतीने पोरगा आईला खोटं ठरवतो आणि गाईडला खरं.

यात मास्तरांना शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. मी घालणार नाही. राज्यातल्या कितीतरी कॉलेजांत हा विषय शिकवणारे लोक तासिका तत्त्वावर आहेत, म्हणजे सीएचबी. नेट-सेट, पीएचडी, आणि पगार तासावर. सुट्टी लागली की पैसे बंद. वर्गात 'वेतननिश्चितीचे सिद्धान्त' शिकवणाऱ्या माणसाचं स्वतःचं वेतन निश्चित नाही. याच्यावर हसू नका.

आणि गणित? इथे मला खरा राग आहे.

आपल्या बोर्डाचं बारावीचं गणिताचं पुस्तक घ्या हातात. कव्हरवर काय लिहिलंय? 'गणित व संख्याशास्त्र (कला व विज्ञान)'. कला! म्हणजे बोर्डाच्या हिशेबी आर्ट्सचा विद्यार्थी कॅल्क्युलस शिकू शकतो. आता मला खेड्यातलं असं एक आर्ट्स ज्युनियर कॉलेज शोधून दाखवा जिथे खरोखर गणिताचा तास होतो. पुस्तकाच्या कव्हरवरचा कंस तेवढा उरलाय. सोळाव्या वर्षी आपण पोरांची वाटणी करतो, गणित येणाऱ्यांना समाजाबद्दल काही शिकवायचं नाही आणि समाजाबद्दल शिकणाऱ्यांच्या हाती गणित लागू द्यायचं नाही. पहिल्या वाटणीतून मी तयार होतो, ज्याला सोयाबीनचा भाव समजत नाही. दुसरीतून माझा शाळासोबती तयार होतो. त्यालाही समजत नाही.

दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्सला प्रवेश हवा तर गणित लागतंच. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सीत अभिजित बॅनर्जींनी, म्हणजे २०१९ च्या नोबेलवाल्यांनी (आई मराठी, माहेरच्या पाटणकर, एवढा एक अभिमान करून घेऊ द्या), जी पदवी घेतली ती बीएस्सी होती. पुण्यात गोखले संस्थेत बीएस्सी इकॉनॉमिक्स आहे. तिथलं पोरगं पहिल्या वर्षाला डेरिव्हेटिव्ह काढतं, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला रिग्रेशन चालवतं. आणि आमच्या भागातलं पोरगं त्याच वयात, त्याच विषयाच्या नावाखाली, रॉबिन्सची व्याख्या घोकतं. पुढे हे दोघे एकाच एमएच्या प्रवेश परीक्षेला बसतात आणि दुसरा नापास झाला की आपण म्हणतो, मराठवाड्याच्या पोरांना जमत नाही!

ही शुद्ध फसवणूक आहे. नाव एक, विषय दोन. आमच्या धंद्यात असं केलं तर कस्टमर कोर्टात जाईल.

आता कुणी म्हणेल, गणिताचं एवढं काय कौतुक, खुद्द अमेरिकेतच विद्यार्थी याच्यावर वैतागलेत. बरोबर. नोव्हेंबर २०११ मध्ये हार्वर्डमध्ये ग्रेगरी मॅन्क्यूंच्या प्राथमिक इकॉनॉमिक्सच्या वर्गातून पोरं उठून बाहेर गेली होती. त्याआधी २००० साली फ्रान्समध्ये विद्यार्थ्यांनी जाहीर पत्रक काढलं होतं की आम्हाला कल्पनेतल्या जगाची समीकरणं शिकवताय, खऱ्या जगाचं काय? ती तक्रार रास्तच होती. पण बघा हं, ती तक्रार जेवण जास्त झालेल्याची आहे. त्यांच्याकडे गणित होतं, जग नव्हतं. आमच्याकडे गणितही नाही आणि वर्गाच्या दाराबाहेर उभं असलेलं जग वर्गात घेत नाहीत. गणिताला विरोध करणाऱ्या पुरोगामी मित्रांना माझं सांगणं, आधी ते मिळू तर द्या, मग आपण सगळे मिळून वर्गाबाहेर जाऊ :)

आणि हे काही परकं शास्त्र नाही की आपल्या भाषेत जमणार नाही. लोकहितवादींनी 'लक्ष्मीज्ञान' हे अर्थशास्त्राचं मराठी पुस्तक लिहिलं १८४९ साली. मार्शलचं पुस्तक यायला तेव्हा अजून चाळीस वर्षं होती! आमचा जिल्हा तर निजामाच्या राज्यात. तिथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उघडलं आणि त्यांनी सगळे विषय उर्दूतून शिकवायचे ठरवून भाषांतराचं स्वतंत्र खातंच काढलं, पुस्तकांचा रतीब घातला. त्या राजवटीबद्दल आमच्या आजोबांच्या पिढीचं जे म्हणणं होतं ते माझंही आहे. पण विद्यापीठाने आपली पाठ्यपुस्तकं स्वतः घडवायची असतात, एवढं तरी त्यांना कळत होतं. आज मराठीत बीएचा पोरगा काय वाचतो? गाईड. आणि ते गाईड ज्या पुस्तकावरून काढलं त्याचंही गाईड असतं.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. आमच्या मराठवाड्याच्या विद्यापीठाला नाव कुणाचं आहे? नामांतरासाठी माणसं मेली, घरं जळली, १९९४ साली नामविस्तार झाला. त्या नावाचा माणूस शिक्षणाने कोण होता? अर्थशास्त्रज्ञ. एल्फिन्स्टनमधून बीएला अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. कोलंबियातून १९१५ ला एमए, मुख्य विषय अर्थशास्त्र. पीएचडीचा प्रबंध केंद्र आणि प्रांतांच्या पैशांच्या वाटणीवर, तो १९२५ ला पुस्तक म्हणून आला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून १९२३ ला डीएस्सी, विषय रुपयाचा प्रश्न. मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक. गावोगावच्या पुतळ्यांच्या हातात संविधान असतं, ते योग्यच आहे. पण त्या माणसाच्या हातात संविधानाच्या आधी तीस वर्षं चलनाचे आणि महसुलाचे तक्ते होते, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही.

१९१८ साली त्यांनी हिंदुस्थानातल्या लहान शेतांवर एक निबंध लिहिला. तेव्हा सगळे म्हणत होते की तुकडे झाले म्हणून शेती बुडाली, तुकडे जोडा म्हणजे झालं. बाबासाहेब म्हणाले, थांबा. शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यावर लागणारं भांडवल आणि राबणारी माणसं यांच्या प्रमाणात ठरतं. भांडवल नसलेल्याला चार एकरही मोठे. खरा रोग हा की जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसं अडकलीत, त्यांचं काम नावापुरतं. त्यांना दुसरीकडे काम काढा, उद्योग काढा, शेत आपोआप नीट होईल. ही कल्पना जगाच्या विकास-अर्थशास्त्रात पुढे तीसेक वर्षांनी मोठमोठ्या नावांनी गाजली.

आमच्या घरच्या सात-बारावर आज सहा नावं आहेत. आजोबांच्या वेळी एक होतं. त्या सहातले दोघे पुण्यात, एक सोलापुरात, आणि गावात राहून "शेती करतो" म्हणणारे जे तीन आहेत त्यांचं वर्षातलं खरं काम किती दिवसांचं ते मला माहितीय. म्हणजे बाबासाहेबांचा निबंध आमच्या सात-बारावर शंभर वर्षांपूर्वीच लिहिलेला होता, आणि तो मी चाळिशीत वाचला, भाचीने डिवचल्यावर. त्यांच्या नावाचं अर्थशास्त्राचं स्वतंत्र विद्यापीठ आहे, माहितीय कुठे? बंगलोरला.

'अनुशेष' हा शब्द घ्या. मराठवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही येतो. प्रत्येक निवडणुकीत, प्रत्येक भाषणात अनुशेष. तो मोजला कुणी? १९८४ च्या अहवालात वि. म. दांडेकरांच्या समितीने. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, वीज असं एकेक क्षेत्र घेऊन राज्याची सरासरी काढली, कुठला जिल्हा किती खाली आहे ते मोजलं आणि त्याचे पैसे केले : सुमारे ३,१८७ कोटी. त्यातला मराठवाड्याचा वाटा चोवीस टक्क्यांच्या जरा आत, विदर्भाचा एकोणचाळीस. पद्धत पटो न पटो (पुढे विजय केळकरांच्या समितीने २०१३ च्या अहवालात वेगळा विचार केला), पण त्यामुळे भांडायला एक आकडा मिळाला. हेच दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातली गरिबी मोजून दाखवली होती, गावात चाळीस टक्के, शहरात पन्नास. कुठे बसून? पुण्यात, गोखले संस्थेत. आणि ती संस्था १९३० पासून ज्यांनी उभी केली ते धनंजयराव गाडगीळ प्रवरानगरच्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते. म्हणजे प्रोफेसर ऊसवाल्यांच्या सतरंजीवर बसत होते, आणि तिथलं ज्ञान वर्गात येत होतं.

मग मराठवाड्याचा अनुशेष पुण्याच्या माणसाने का मोजावा? त्यांनी मोजला, उपकार झाले. पण चाळीस वर्षं झाली, आमच्याकडे अजून भाषणंच चालू आहेत. मागासलेपण सिद्ध करायलाही परगावचा माणूस लागावा, हा माझ्या मते सगळ्यात मोठा अनुशेष आहे आणि तो कुठल्याच तक्त्यात धरलेला नाही.

"नोकरीचं काय?" हा दाजींचा प्रश्न, आणि तो फालतू नाही. त्यांनी दोन वर्षं लातूरचा खर्च उचललाय. खरं उत्तर असं की नुसत्या गाईडछाप बीएला फार काही नाही, बहुतेक पोरं एमपीएससीच्या अभ्यासिकेत जाऊन बसतात आणि तिथे वयाची तिशी गाठतात. चांगल्या ठिकाणी, गणितासकट केलेल्या इकॉनॉमिक्सला मात्र बँका, संशोधन संस्था, सल्लागार कंपन्या, झालंच तर आमच्या डेटावाल्यांच्या टीम, सगळीकडे वाव आहे. पण तिथे पोचायला पुण्या-दिल्लीची फी आणि खोलीभाडं लागतं. म्हणजे गरिबीचा अभ्यास करायला आधी पैसे हवेत. हे मी दाजींना नीट समजावून सांगू शकलो नाही.

आणि मंडळी, आपण. हिंजवडी-खराडी-मगरपट्ट्यातले आपण. आपल्याला वाटतं की आपल्याला इकॉनॉमिक्स कळतं, कारण आपण एसआयपी करतो आणि कँटीनमध्ये रेपो रेटवर बोलतो. (फ्लॅटच्या ईएमआयपलीकडे रेपो रेटचा आपल्याला किती अर्थ लागतो ते सोडा.) शेतकऱ्याच्या कर्जमाफीवर सगळ्यात जोरात बोलणारे आपणच, आणि माझा अनुभव असा की त्यातल्या निम्म्यांना पीककर्ज आणि मुदतकर्ज यातला फरक सांगता येत नाही. मलाही येत नव्हता. पोरांना कोडिंगच्या क्लासला सातव्या वर्षी घालतो, आणि भाचा-पुतण्या बीए म्हणाला की फोनवर त्याला "समजावून" सांगतो. गावाकडे आपल्या शब्दाला वजन आहे, कारण आपल्याकडे पगार आहे. आपण नको म्हणालो की तो विषय त्या घरातून गेला. मी स्वतः माझ्या आधीच्या दोन भावंडांच्या बाबतीत हे केलंय. दोघेही आज सपोर्टमध्ये नाईट शिफ्ट करतात, आनंदात आहेत असं म्हणतात.

नव्या धोरणात आता मेजर-मायनर आलंय. इकॉनॉमिक्स मेजर आणि गणित मायनर असं कागदावर जमू शकतं. कागदावर पूर्वीही जमत होतं, त्या पुस्तकाच्या कंसात. माझं म्हणणं एवढंच आहे की तालुक्याला एका तरी आर्ट्स ज्युनियर कॉलेजात गणिताचा खरा तास सुरू करा, त्याला पूर्णवेळ मास्तर द्या. पहिल्या वर्षाच्या पोरांना व्याख्या देण्याआधी जवळच्या बाजार समितीचे वर्षभराचे भाव द्या आणि एका स्प्रेडशीटमध्ये बसवा. त्याला लागणारा कॉम्प्युटर आपल्यापैकी कुणीही जुना झाला म्हणून कपाटात टाकलेला असतो. एवढं झालं की बाकी पोरं बघून घेतील, आमच्याकडची पोरं भावाच्या बाबतीत मंद नसतात.

भाचीचं सांगायचं राहिलं. जुलैत तिने पुण्यात एका कॉलेजला प्रवेश घेतला. दाजी सोडायला आले होते, दिवसभर फारसं बोलले नाहीत, जाताना मला म्हणाले, "तुम्ही हाव ना हितं." ती माझ्याकडे राहत नाही, मैत्रिणींबरोबर खोलीवर राहते, रविवारी जेवायला येते. मॅथ्सच्या पेपरला वर्गात पुढे आहे. लातूरची दोन वर्षं तेवढ्या कामी आली.

सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव जिल्ह्यात पावसाने जे केलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. परंडा-भूमइतकं आमच्याकडे नसेल, पण काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं होतं. हमीभाव त्या वर्षी ५,३२८ होता, पण भावाचा प्रश्नच मिटला होता. त्यानंतरच्या रविवारी ती जेवायला आली तेव्हा वर्गात नुकतंच विम्याचं काहीतरी झालेलं होतं. प्रीमियम कमी असला की कोण येतं, जास्त असला की कोण उरतं. ती म्हणाली, बघ, आपल्याकडे २०२३ पासून एक रुपयात पीकविमा होता, तेव्हा नसलेल्या शेतांचेसुद्धा अर्ज आले. मग २०२५ च्या खरिपापासून एक रुपया बंद झाला, शेतकऱ्याचा हिस्सा परत आला, आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर ठेवली, तेव्हा असलेल्या शेतांचेही अर्ज कमी झाले. हे मी असाइनमेंटला घेणार आहे.

मग थोडा वेळ जेवली. आणि म्हणाली, "मामा, आपण भरला होता का रे यंदा?"

मी ताईला फोन लावला. ताई म्हणाली, "नाही बाबा. तिची कॉलेजची फी भरायची होती तवा."